शाईतलं खळं

प्रयोगशाळेतल्या बाईने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला.
काळ्या शाईचा एक थेंब,
त्यात ओडीलच्या फुप्फुसातून धुऊन काढलेलं पाणी.
काळोखात गोल गोल दिवे,
आणि प्रत्येकाभोवती खळं,
जसं फेब्रुवारीत चंद्राला पडायचं
आणि आमचा बाप म्हणायचा,
उद्या पाखरं सोडायची नाहीत.

"किती सुंदर," मी म्हणाले
आणि जीभ चावली.

दोन वर्षांपूर्वी मी ओडीलला डावी किडनी दिली.
त्याने मागितली नव्हती. तो मीठसुद्धा मागत नाही,
ताटावरून हात लांबवून स्वतःच घेतो.
गेंटच्या इस्पितळात सांगितलं होतं:
बहिणीची असली तरी रक्ताला ती परकीच.
रक्तातले राखणदार तिला हाकलून देतील,
म्हणून त्यांना झोपवायचं.
सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या,
जन्मभर.

राखणदार झोपले.
माझा तुकडा त्याच्यात नांदायला लागला,
आधी दबकत, मग हक्काने.
ओडीलच्या गालांवर रंग आला.
एप्रिलमध्ये तो कबुतरखान्याची शिडी चढला.

फ्रिजवर मी कागद लावला होता:
कच्ची अंडी नकोत, बागेतली माती नको, पक्षी नकोत.
"पक्षी म्हणजे लोकांचे," तो म्हणाला.

चाळीस कबुतरं. दर शनिवारी तो
पत्र्याच्या खरवडणीने फळ्या साफ करायचा.
वाळलेल्या विष्ठेची भुकटी
फटीतून आलेल्या तिरिपेत उभी राहायची,
पडायची घाई नसल्यासारखी.
लहानपणापासून दोघांनी तीच धूळ गिळली.
मला साधा ठसकाही लागला नाही.
माझे राखणदार जागे आहेत.
हे मी अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

खोकला कोरडा होता. मग रात्री उशी भिजू लागली.
मग चित्रात, उजवीकडे, अक्रोडाएवढा पांढरा डाग.
कॅन्सर नाही म्हणाले, तेव्हा मी गाडीत बसून
पोटभर रडले, आणि परत आत जाऊन विचारलं,
मग काय आहे?
बुरशी.
बुरशी तर पावाला येते, मी म्हणाले.
डॉक्टर फेरहुल्स्ट हसल्या नाहीत.
बहुतेकांच्या छातीत ती आली तशी निघून जाते, म्हणाल्या,
किंवा कोपऱ्यात गप्प पडून राहते.
इथे तिला अडवायलाच कुणी नव्हतं.
आता वर्षभर आणखी गोळ्या,
त्या आधीच्या गोळ्यांशी भांडणार,
म्हणून दर आठवड्याला रक्त.

लोकेरनहून एक माणूस वेताच्या टोपल्या घेऊन आला.
ओडील स्वयंपाकघरात पाठ करून बसला.
रविवार होता. रेडिओवर
कुठल्या गावाहून किती वाजता पाखरं सोडली ते सांगत होते,
आभाळ कसं, वारा कुठला.
त्याने आवाज वाढवला.
टोपल्यांचं झाकण लागताना
तरी ऐकू आलंच.

विकलेलं कबूतर विकलं जात नाही,
हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
तिसऱ्या आठवड्यात नोयों परत आली,
पंखात एक पांढरं पीस असलेली मादी,
ज्या गावाहून पहिली आली त्याचंच नाव मिरवणारी.
रिकाम्या कबुतरखान्याच्या फळीवर बसून
ती आत बघत राहिली.

मी मास्क लावला, हातमोजे घातले,
शिडी चढले. पकडू दिलं तिने.
रबराआडून तिचं काळीज
माझ्या तळव्यावर धडधड आपटत होतं.
घरी आलेल्याला हाकलायचं कसं,
ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

खाली वळून पाहिलं.
बंद खिडकीमागे ओडील उभा,
हातात बापाचं पितळी घड्याळ,
चावी दिलेलं.
त्याने कळ दाबली.
काचेपलीकडून ओठ हलले:
दोन सतरा.